नवरीच्या आईला आधी दाखवणारे रफिकभाई

रफिकभाई गेल्याची बातमी माझ्याच टेबलावर आली. बाभुळगावच्या वार्ताहराने पाठवलेल्या चार ओळी... त्यांत ‘लग्नाचे व्हिडिओ करणारे’ एवढीच ओळख होती. चूक नव्हती, अपुरी होती. दोन वर्षांपूर्वी, मी यवतमाळला कॉलेजात असताना, आमच्या एकुलत्या एका फिल्मचं संकलन त्यांनी केलं होतं.

विषय होता बसपायी कॉलेज सोडणाऱ्या मुली. शेवटचा तास संपण्याआधीच गावाकडची एसटी निघून जायची. आम्ही तिघे मित्र नुसते पेटलो होतो. रफिकभाईंनी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आमची दृश्यं क्रमाने मांडून दिली. आठवड्यात चित्रण आटोपून आम्ही त्यांच्या स्टुडिओत धडकलो. पहिलं संकलन पाहिलं आणि हसून लोळलो. प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. एसटी बदामाच्या चौकटीतून येत होती. ‘‘हसता काय बे? हात लग्नाचा हाय,’’ ते म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पाकळ्या काढून टाकल्या. मग जे पडद्यावर आलं, ते पाहताना आम्हाला खुर्चीत बसवेना.

सर्वांत जोरकस तुकडा पहिल्या वर्षाच्या वैष्णवीचा होता. ‘‘फाट्यापासून पायीच यावं लागते. घरी म्हणते, मैत्रिणीनं गाडीवर सोडलं.’’ हे वडिलांना कळलं असतं तर तिचं कॉलेज बंद आणि स्थळं पाहणं सुरू. ती बोलायला तयार होती. आम्हीही तेवढ्यावर पुढे निघालो होतो. रफिकभाईंनी हात थांबवला.

‘‘पहिले तिच्या मायले दाखवू. लग्नाचा व्हिडिओबी मी पहिले नवरीच्या मायलेच दाखवतो. ते म्हणंल तर काटतो.’’

‘‘परवा स्पर्धेला फिल्म द्यायची आहे, भाई! हा शॉट गेला तर उरते काय?’’

‘‘फिल्म तुही हाय. पोरगी तिची हाय.’’

राळेगावच्या पुढे, तिच्या घरी, आईने लॅपटॉपवर तो तुकडा दोनदा पाहिला. मग म्हणाली, ‘‘राहू द्या. पण तिच्या बाबाले मी सांगते. तुम्ही नका सांगू.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील थेट स्टुडिओत आले. आम्ही उभेच राहिलो. त्यांनी पिशवीतून कागद काढले. ‘‘बससाठी चार अर्ज देल्ले म्या. मले काहून नाही इचारलं? माहीबी मुलाखत घ्या!’’

‘‘कॅमेरा लाव, भाऊ, कॅमेरा!’’ रफिकभाई ओरडले. त्या घाईत मी लेन्सचं झाकण काढायचं विसरलो, तेही त्यांनीच काढलं.

फिल्मला दुसरा क्रमांक मिळाला. बसची वेळ बदलली नाही. वैष्णवीला घ्यायला वडील फाट्यावर मोटरसायकल घेऊन येऊ लागले.

गेल्या रविवारी मी स्टुडिओत गेलो. भाभी कम्प्युटर उघडून, कोणाकोणाचे व्हिडिओ द्यायचे राहिले ते पाहत होत्या. रफिकभाई प्रत्येक फोल्डरला नवरीचं नाव द्यायचे. त्या रांगेत मधेच होतं : ‘वैष्णवी, राळेगाव’.

‘‘इसकी शादी का देना बाकी है क्या?’’ भाभींनी विचारलं.

‘‘शादी नहीं हुई, भाभी. कॉलेज में है. आखरी साल.’’