चाळिसाव्या पानावरची हिरवी सही

दृष्ट काढून टाकलेलं लिंबू सरबतात पिळून प्यायलेली बाई आहे मी! तेव्हा असल्या गोष्टींवर माझा विश्वास किती, ते समजून घ्या. तरी हे लिहितेय... कारण इथे कुणाला सांगायची सोय नाही.

राहते हुबळीत, विद्यानगरला. धारवाडला सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करते — सहावं वर्ष. जूनपर्यंत प्रबंध दिला नाही तर नोंदणीच रद्द, आणि तो द्यायच्या फॉर्मवर गाईडची सही लागते. आमचे सर म्हणजे जमदग्नी. लॅबच्या वहीत प्रत्येक पानाखाली हिरव्या शाईत सही करतात, बहुतेक वेळा न वाचताच.

आघाड्याच्या अर्काने जंतू मरतात का, हे माझं काम. प्रयोग तीनदा करायचा असतो. दोनदा मेले. तिसऱ्या वेळी प्लेटवर बुरशी धरली. सर म्हणाले, आता वेळ नाही, दोन्हींच्या मधला आकडा घाल. मी घातला. हो, घातला! चाळिसाव्या पानावर सरांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी त्या पानावर सही नव्हती. बाकी सगळ्या पानांवर होती — तेच पेन, तीच शाई. वही माझ्या ड्रॉवरमध्ये, किल्ली माझ्या गळ्यात. पुन्हा सही घेतली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा सर कन्नडवर आले आणि असे ओरडले की अख्खी लॅब गप्प. ती सहीसुद्धा सकाळी नव्हती.

मग गुपचूप तोच प्रयोग परत केला. दोनदा. दोन्ही वेळा जंतू मजेत! एकेचाळिसाव्या पानावर खरं ते लिहून सरांपुढे वही धरली.

"हे पान फाड, नाहीतर फॉर्म विसर," ते म्हणाले. सही केली नाही.

पान फाडवेना. सहाव्या वर्षी दुसरा गाईड कोण देणार? इकडे आड, तिकडे विहीर. बसमध्ये रडू यायचं.

सोमवारी ड्रॉवर उघडला, तर एकेचाळिसाव्या पानाखाली हिरवी सही. वही तशीच सरांकडे नेली. बराच वेळ ते सहीवरून बोट फिरवत राहिले.

"सही माझीच आहे," हळू म्हणाले. "पण मी केलेली नाही."

तेव्हापासून पान फाडायचं नाव त्यांनी काढलेलं नाही... आणि फॉर्मचंही. शाई खराब म्हणावं तर ती उडेल, आपोआप उमटेल कशी? मला अजून उलगडा नाही. कोरा फॉर्म मी त्याच ड्रॉवरमध्ये ठेवलाय. सांगायला लाज वाटते, पण रोज सकाळी गेल्या गेल्या आधी तो काढून बघते.