चाकाखालची उटी

अख्ख्या नगर जिल्ह्यात हातानं पंखा मारून विमान चालू करनारा शिपाई मी एकटाच. जिल्ह्यात तसलं विमान बी एकच हुतं, आनि वर्कशॉपात दुसऱ्या कुठल्याच कामाचा मी न्हवतो म्हनून मला त्याच्यापुढं उभा केल्ता.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सालची गोष्ट. नगरच्या छावनीत आमचं वर्कशॉप. मी श्रीगोंद्याकडचा. शाळंचं तोंड बघितलं न्हाई, पगाराला अंगठा. साडेपाचला उठायचं, सहाला पीटी, साडेसातला वर्कशॉप. दिवसभर हात ट्रकच्या तेलात.

आमच्या कॅप्टनसायबाला विमानाचा नाद. इंग्रज मानूस. भंगारातनं एक इंजिन मिळवलं आनि शेडमधी सोताच विमान बांधाया घेतलं. एका मानसापुरतं. लाकडाचा सांगाडा, वर कापड, कापडावर रोगन. रोगनाचा वास सडलेल्या केळावानी. मी पहिल्यांदा बघितलं तवा म्हनलो, ह्यो तर पाळना, दोरी कुठंय. सायबाला मराठी कळत न्हवतं, म्हनून वाचलो.

लाकूडकाम सगळं हवालदार इब्राहिमचं. शेवगावचा सुतार. दिवसाला धा-बारा सबुद बोलायचा, त्यातले निम्मे मला शिव्या. विमानाचा पंखा त्यानंच तासला. विमानाला सेल्फ न्हाई, ब्रेक न्हाई. एक मानूस पुढं उभा राहून पंखा मारनार, दुसरा मागं शेपूट धरनार. मागं इब्राहिम, पुढं मी.

पहिल्या दिवशी मी पंख्याला कडब्याच्या पेंढीसारखी मिठी मारली. इब्राहिमनं कॉलर धरून मागं वढलं. ट्रकचं हँडल मारताना अंगठा कुठं ठेवतो, म्हनला. मी म्हनलो, बोटांच्या बाजूला, न्हाईतर हँडल उलटं फिरलं की मोडतो. तो म्हनला, हितं बोटं बी वाकवायची न्हाईत. तळहात सपाट. खाली वढायचा आनि त्याच दमात मागं जायचं. पंखा उलटा आला तर हातात काय सापडू न्हाई.

आठ दिवस त्यानं मला शेडच्या आढ्याला फळी टांगून शिकवलं. फळी माझ्या टाळक्यात बसायची. धाच्या चहाला सगळं वर्कशॉप बघाया यायचं. सुभेदारसायब म्हनायचे, ह्याला परेडीतनं काढा, तमाशात घाला.

पन शिकलो. काम चालू करायच्या आदी इब्राहिम माझं पागोटं काढून घ्यायचा, हातातलं चांदीचं कडं काढून घ्यायचा, बाह्या वर करायचा. पायाखालची जागा सोता झाडायचा. एक खडा ठिवायचा न्हाई. स्विच बंद असला तरी चालूच हाय असं समज, हे रोज सांगायचा.

आनि उटी. बाभळीच्या दोन पाचरी त्यानं केल्या हुत्या, एका दोरीत बांधलेल्या. चालू करायच्या आदी त्या चाकाफुडं लावायच्या, म्हंजे विमान पळत न्हाई. इंजिन चालू झालं आनि सायबानं हात केला की मी बाजूनं जाऊन दोरी वढायची. सायब त्याला चोक्स म्हनायचे.

चालू करतानाचं बोलनं ठरलेलं. मी म्हनायचो, स्विच ऑफ. सायब म्हनायचे, स्विच ऑफ. मग चार येळा पंखा हातानं फिरवायचा, इंजिन पेट्रोल पितं. मग सायब इचारायचे, चोक्स? मी म्हनायचो, चोक्स इन, म्हंजे उट्या लावल्यात. मग मी कॉन्टॅक्ट, सायब कॉन्टॅक्ट, स्विच चालू, आनि मी पंखा मारायचो. पहिलं पहिलं मी उटीकडं बघून म्हनायचो. नंतर न बघताच म्हनाया लागलो. आरतीत मागनं वढतात तसं.

सात येळा ते विमान उडालं. चांदबिबीच्या म्हालाकडं जायचं, फिरून यायचं. सात येळा पंखा मी मारला. गावाकडं मी सत्तर सांगायचो.

मग खंडेनवमी आली. पलटनीत त्या दिवशी हत्यारांची पूजा. वर्कशॉपात ट्रक धुवायचे, हार घालायचे, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठिवायचं आनि ट्रक त्याच्यावरनं न्यायचा. सकाळधरनं ट्रकची लिंबं मीच ठिवत हुतो. म्हनलो, विमानाला काय दिष्ट लागत न्हाई व्हय?

इब्राहिमनं आठ वाजता विमान भाईर काढून दोन्ही उट्या लावल्या हुत्या. साडेनऊच्या सुमाराला तो तेलाचा डबा आनाया गेला. मी पंख्याला झेंडूचा हार घातला. उटी हुती तिथं लिंबू बसंना. मी उट्या काढल्या, विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाखाली ठिवल्या आनि चाकाफुडं दोन लिंबं मांडली. नारळ तिथंच फोडला. मनात असं हुतं की ढकलून लिंबं चिरडू आनि उट्या परत लावू. सुभेदारसायब म्हनले, धोंडीबा, शेंडी ठिव आता. सगळे हसले. मी जास्त हसलो.

नऊ चाळीसला कॅप्टनसायब आले. यायचे हुते अकराला. हार बघून खूश झाले, सोता काढून एका ट्रकला घातला, आनि विमानात बसले.

"धोंडी, रेडी?"

"रेडी, सर."

इब्राहिम तेलाचा डबा खाली ठिवून नीट शेपटाकडं गेला. उट्या त्यानं सोता लावल्या हुत्या, परत कशाला बघंल. पागोटं मीच काढलं, कडं मीच काढलं. जागा कुनी झाडली न्हाई.

स्विच ऑफ. स्विच ऑफ. चार येळा पंखा फिरवला.

"चोक्स?"

"चोक्स इन."

"कॉन्टॅक्ट."

"कॉन्टॅक्ट."

एका झटक्यात इंजिन चालू झालं. मी मागं गेलो आनि नारळाच्या पान्यावर पाय सरकला. उताना पडलो. विमान माझ्याकडं आलं. सावकास आलं, बैलगाडी येती तसं. मला पंखा दिसत न्हवता, निसता वारा लागत हुता.

इब्राहिमनं शेपूट रेटून धरलं, ते ऱ्हाईना. मग त्यानं सोडलं आनि डाव्या अंगानं पळत आला. वाटंत उटी उचलली आनि डाव्या चाकाफुडं घातली. चाक थांबलं. पन एकच चाक थांबलं. विमान त्या चाकावर डावीकडं फिरलं. पंखा त्या अंगाला आला, आनि तो तिथंच वाकलेला हुता.

सायबानं स्विच बंद केला. पंखा आनखी चार-पाच फेरे फिरला. सुभेदारसायबानं घड्याळ बघितलं. नऊ त्रेपन्न.

मी उठलो. अंगाला खरचटलं बी न्हवतं. कुनीतरी इब्राहिमवर घालाया घोंगडी आन म्हनलं, मी आनली. पानी आन म्हनलं, पानी आनलं. बारा वाजता लंगरात सनाचं जेवान हुतं. मी बसलो आनि दोन लाडू खाल्ले. अशा टायमाला तोंडाला चव ऱ्हात न्हाई म्हनतात. मला चव लागली. गूळ जास्त झाल्ता.

तिसऱ्या दिवशी इनक्वायरी. मेजरसायबानं इचारलं, चोक्स कुनी काढले? मी म्हनलो, म्हाईत न्हाई, सर. सुभेदारसायबानं माझ्याकडं बघितलं आनि खाली बघितलं. कागदावर असं लिवलं की चोक्स हवालदाराच्या ताब्यात हुते, त्यानं कामात हयगय केली. मला वाचून दाखवलं. मी खाली अंगठा लावला. लावताना अंगठ्याकडं बघितलं, तो धड हुता.

कॅप्टनसायबानं विमान सोता कुऱ्हाडीनं फोडलं. पंखा तेवढा ठिवला.

नोकरी सुटल्यावर मी गावात ही गोष्ट सांगायचो. विमान माझ्या मागं कसं लागलं, मी उताना कसा पडलो. लोक पोट धरून हसायचे. इब्राहिम त्यात नसायचाच.

दर दसऱ्याला मी सोनं द्यायला शेवगावला जायचो, इब्राहिमच्या घरी. त्याची बायको, जैनबभाबी, आपट्याची पानं घ्यायची, कोनाड्यात ठिवायची, चहा करायची. तिला बी मी हसवायचो. दोन सालं गेली. तिसऱ्या साली शेजारचा एक मानूस दारात बसलेला. तो म्हनला, सरकारी कागदात इब्राहिमचीच चूक हाय म्हनं. भाबी सुपातली तूर निवडत ऱ्हायली.

तो उठून गेल्यावर मी सांगितलं. हवालदार इब्राहिमनं त्या दिवशी आठ वाजता दोन्ही उट्या लावल्या हुत्या. त्या मी काढल्या. सायबानं इचारल्यावर, हायेत म्हनून मीच बोललो. तो मला वाचवाया आला.

ती खडे येचत हुती. मला वाटलं, ऐकलं न्हाई. मी म्हनलो, भाबी, मी पयल्यापासनं येडाच.

तिनं सूप खाली ठिवलं.

"धोंडूभाई, येडेपना ऱ्हाऊ द्या. अंगठा शाबूत हाय न्हवं तुमचा? मग आत्ता सांगितलं ते कुनाकडनं तरी लिवून घ्या, आनि खाली लावा."