दर रविवारचं पाणी

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६. घर गरम ठेवणाऱ्या सातही रेडिएटरांसमोरचं सामान सरकवायचं होतं, कारण नऊ वाजता हीटिंग साफ करणारा माणूस येणार होता. ऑफिसातून रजा घेतली होती. सोफा ओढला, कपाट ओढलं, मग सासूबाईंचा पलंग. त्यांच्या रेडिएटरला हात लावून पाहिला. वरून कोमट, खालून गार.

नवरा मार्चमध्ये गेला. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या त्या घरात मी आणि सासूबाई अशा दोघीच उरलो. त्या दिवसभर स्वेटर, शाल, कानटोपी घालून बसत. पुण्याहून दिराचा दर शनिवारी फोन यायचा. "वहिनी, आईला थंडी सोसत नाही, इकडे पाठवा." त्याचं काही चुकत नव्हतं. मुंबईचं एकेरी तिकीट तीनशे नव्वद पौंडांना मिळत होतं. सगळे पाइप आणि रेडिएटर आतून धुवायला चारशे वीस सांगितले होते. त्या महिन्यात दोन्ही जमणार नव्हतं. आणि सासूबाई एकदा गेल्या की परत येणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी त्यांना राहा म्हटलं नव्हतं, त्यांनीही राहते म्हटलं नव्हतं. मार्चपासून मला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. कामं मात्र होत होती. पाइपांची धुलाईही त्यातलंच एक म्हणून त्यांना न विचारता उरकायला घेतलं.

माणूस अर्धा तास उशिरा आला, राउंडअबाउटवर वळण चुकला म्हणे. सुटकेसएवढं मशीन त्याने स्वयंपाकघरात ठेवलं, एक नळी पाइपांना जोडली, दुसरी मागच्या गटारात सोडली. मग एकेक रेडिएटर रबरी हातोडीने ठोकत फिरला. बरणीत काढलेलं पाणी त्याने मला दाखवलं. काळं होतं, शाईसारखं.

"बॉयलरमध्ये पाणी कोण भरायचं?"

"नवरा. दाबाचा काटा खाली आला की, दर रविवारी. नंतर मी."

"कुठेतरी बारीक गळती आहे. ती शोधायची सोडून दर आठवड्याला ताजं पाणी भरलंत, त्यानेच आतून गंज चढला. त्यांना सांगा, आता पुरे."

"ते मार्चमध्ये वारले."

त्याचे कान लाल झाले. सॉरी म्हणाला आणि वर गेला. बाथरूममधल्या रेडिएटरची गळती त्याला सापडली. तिचे वीस पौंड जास्त लावले.

सासूबाई जिन्यात उभ्या होत्या. "काय म्हणाला गं तो?"

मुलगा घराची किती काळजी घेतो, हे त्या इथे आल्यापासून चार वर्षं सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगत आल्या होत्या. काहीतरी गोलमोल सांगता आलं असतं. मी सांगितलं, "पाणी भरून भरून गंज चढला म्हणतो."

त्यांनी माझ्या हातातली बरणी घेऊन उजेडात धरली. "म्हणजे आमच्या चिरंजीवांचाच प्रताप."

"हो. आणि थोडा माझा."

"लहानपणी जास्वंदीला इतकं पाणी घालायचा की मुळं कुजायची. तीन कुंड्या घालवल्या मेल्याने."

आठ महिन्यांत त्याच्याबद्दल आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो.

"इथली तुळसही त्यानेच घालवली," मी म्हटलं.

"बघ! आणि मला म्हणाला, उन्हाने गेली."

"इथे कुठलं ऊन, आई?"

त्या हसल्या, खोकला येईपर्यंत. मला हसू आलं नाही, पण मी तिथेच उभी राहिले.

चारच्या सुमारास त्यांचा रेडिएटर खालपर्यंत तापला. त्यांनी बराच वेळ हात ठेवून पाहिला, मग कानटोपी काढून घडी घातली.

"तिकिटाचे पैसे ह्यात घातलेस ना?"

"हो."

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर तुम्ही जाते म्हणाला असतात."

"म्हणाले असते," त्या म्हणाल्या. पलंग पुन्हा भिंतीला लावायला त्यांनी एका बाजूने हात दिला. "पुण्याला कळव. यंदा नाही म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, पुण्यात बारा वाजलेले असताना, मी दिराला फोन केला. घर गरम झालंय, आई इथेच राहतायत, म्हणून सांगितलं. "नक्की ना, वहिनी?" असं त्याने दोनदा विचारलं. नक्की म्हटलं, फोन ठेवला, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला आणि कामावर गेले.