लिनक्सवाले चाचा

चाचा दुसऱ्याच्या माउसला हात लावत नसत. मशीन कितीही अडलेलं असो, हे आपले हात पाठीमागे बांधून उभे. "तुमीच दाबा भाऊ. मी दाबलं तं माह्या हाताले येईन. माह्या हाताले तं येतेच!" माझ्याहून वयानं लहान, पण अकोल्यापासून दर्यापूरपर्यंत सगळे चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो.

दर्यापुरात माझं लग्नपत्रिका जुळवून छापायचं दुकान. शाळा चौथीपर्यंत झाली. टायपिंग माझं मीच शिकलो आणि विंडोजवर केस पांढरे केले. बायको गेल्यावर दुकान आणि मी एवढेच उरलो. मग जुन्या विंडोजचे अपडेट बंद झाले आणि नवं माझ्या मशीनवर चढेना. पुण्याहून मुलगा म्हणाला, "बाबा, टाका तो डबा भंगारात अन् या इकडं." मी कोणाच्या सांगण्यावरून दुकान बंद करणारा नाही. विंडोजऐवजी जुन्या डब्यावरही चालणारं फुकटचं लिनक्स बसवून देणाऱ्या चाचांना फोन लावला. शुक्रवारची नमाज आटोपून ते अकोल्याहून एसटीनं आले आणि माझ्याच हातानं लिनक्स टाकवून घेतलं.

पहिल्याच दिवशी मी रिकाम्या पडद्यावर उजवं बटण दाबून रिफ्रेश शोधायला लागलो. काही सुचलं नाही की विंडोजवर आपण सगळे तेच करतो. इथं ते सापडेना.

"काय ताजं करता भाऊ?" चाचा म्हणाले. "भाजी हाय का ते?"

मग काळ्या खिडकीत पासवर्ड लिहायला सांगितला. मी बटणं दाबतोय आणि पडद्यावर साधं टिंबही उमटत नाही. कीबोर्ड मेला समजून मी तो आपटला.

"कावून मारता त्याले? लिहीत राहा. दिसत नाई, पण पोचून राहिलं."

असे ते दर शुक्रवारी येत. मी चिडून म्हणायचो, "घेऊन जा तुमचं लिनक्स!" चाचा चहा बशीत ओतून माझा राग निवेपर्यंत फुंकत बसत.

विंडोज होतं तेव्हा सारखा व्हायरस शिरायचा. दुरुस्तीवाला यायचा, चार गोष्टी व्हायच्या. हे लिनक्स बिघडेचना. मला सगळं जमायला लागलं आणि चाचांचं येणं थांबलं. नुसतं "या" म्हणणं माझ्या स्वभावात नाही. एकदा प्रिंटर रुसला म्हणून कळवलं. ते आले आणि प्रिंटरनं सरसर कागद काढला. चाचांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मामला गंभीर हाय," म्हणाले, आणि शेवटच्या गाडीपर्यंत बसून राहिले.

पुढे त्यांची नजर गेली. लेक त्यांना भोपाळला न्यायला आली. निघायच्या आधी दुकानात आले तेव्हा मी विचारलं, "आता बिघडलं तं कोणाले सांगू?"

"बिघडणारच नाई भाऊ."

त्यांना वाटलं, आपण धीर दिला.

खरंच बिघडत नाही. पत्रिका निघतात, लोक घेऊन जातात. शुक्रवारी दुपारी मी फोन हातात घेतो, काय कारण सांगावं त्याची जुळवाजुळव करतो आणि खाली ठेवतो. परवा कारण न जुळवताच लावला.

"काय झालं भाऊ? काय अडलं?"

"काईच नाई. सगळं चालू हाय. म्हणूनच लावला."

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मंग बोला," चाचा म्हणाले. "बसलो मी."