धोंड्याच्या महिन्यात बेटावर

नातीला पंधरा दिवस माझ्याकडे वडवणीला ठेव, एवढंच मी लेकीकडे मागत होते. नात पाच वर्षांची, शाळेला सुट्टी, आणि मी घरात एकटी. पण लेक पुण्याला राहून लई हुशार झाली आहे. मागच्या खेपेला मी नातीला शेळीच्या आचळाला तोंड लावून धार प्यायला शिकवलं होतं, आणि पोरीनं ते शाळेत जाऊन सांगितलं. प्यायचं कसं हे शिकवलं, सांगायचं न्हाई हे शिकवायचं राहिलं. तेव्हापासून लेकीचा माझ्यावर भरवसा नाही.

यंदा धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक महिना, ऐन उन्हाळ्यात आला. या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, अशी रीत. तिघंही आली. मी पुन्हा विषय काढला तेव्हा लेक म्हणाली, "आई, उद्या आपण धरणावर फिरायला जाऊ. एक दिवस तू नीट वागून दाखव. मग बघू."

माझ्या वयाच्या बाईची परीक्षा. पण मी मान डोलावली.

आमच्या इथून तासाभरावर धरण आहे. त्याच्या पाण्यात एक जुनं गाव गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावाची टेकाडं बेटांसारखी वर येतात, आणि मधल्या मोठ्या बेटावर काळ्या दगडाचं शेकडो वर्षांचं देऊळ उघडं पडतं. चुना नाही, माती नाही, दगडात दगड अडकवलेला. गाव उठलं तेव्हा देवाचंही पुनर्वसन झालं, त्याला नव्या गावठाणात फरशीचं मंदिर मिळालं. नंदी जड होता, तो इथंच राहिला.

या बेटावर मी आधी एकदा आले होते, लेक चार वर्षांची असताना. तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होता. त्या बाईला आज कुणी माझ्या शेजारी बसवलं तर मी जागा बदलीन. तालुक्याच्या कारकुनाची बायको, म्हणून गाळाच्या बेटावर उंच टाचांच्या चपला घालून आलेली. डोळ्याला काळा गॉगल, अंगावर सुळसुळीत साडी, आणि बरोबर स्टोव्ह, कढई, पाट. पाट कशाला, तर नवरा खाली बसून जेवला तर लोक काय म्हणतील. तिथे लोक म्हणजे पाणकावळे होते.

आणि तिला पाण्याची भीती. आमच्याकडे कापूस वेचायला गेलं की रांगतं लेकरू लिंबाच्या खोडाला बांधून ठेवतात. या बाईनं तेच केलं, फक्त खोड म्हणून स्वतःला वापरलं. जुन्या साडीची पट्टी काढून एक टोक लेकीच्या कमरेला, दुसरं आपल्या. लेक देवळातल्या खांबाभोवती गोलगोल फिरली आणि आई खांबाला आवळली गेली. आमचे हे, सोडवायचं राहिलं बाजूला, फोटो काढत बसले. देवळाच्या भिंतीवर जुन्या दगडी बाया आहेत, अंगावर दागिने भरपूर, कपडे बेतास बात. त्यांच्यासमोर आल्यावर या बाईनं लेकीच्या डोळ्यांवर पदर ओढला आणि गॉगलच्या आडून स्वतः सगळ्या बाया नीट बघून घेतल्या.

तर या खेपेला नावेत बसताना लेकीनं पिशवीतून एक पट्टा काढला. स्प्रिंगची लांब दोरी, एक टोक नातीच्या मनगटाला करकरून चिकटणारं, दुसरं आईच्या हातात. ऑनलाइन मागवलेला.

"हे काय गं?" मी विचारलं.

"सेफ्टी. पाणी आहे सगळीकडे."

"साडीची पट्टी फुकट येत होती."

"आई, परीक्षा सुरू झालीय."

नाववाला गालात हसला. उतरवताना म्हणाला, "मावशी, गाळ वरून वाळलाय, आतून ओला हाय. दगडावरनं चला. दुपारच्याला येतो न्यायला."

मी इतकी नीट वागले की माझी मलाच शंका आली. टोपी घातली. लेकीनं दिलेलं जंतू मारायचं वासाचं पाणी हाताला चोळून घेतलं. दगडी बायांसमोर नातीनं विचारलं, "आज्जी, हिनं कपडे का नाही घातले?"

"उन्हाळा हाय माय," मी म्हणाले. लेकीनं बघितलं, पण एवढ्यावर नापास करता येईना.

मग जेवण. मी कुठेही गेले तरी अधिक महिन्यातला जावई उपाशी ठेवायची नाही. अधिकात जावई म्हणजे साक्षात विष्णू. डब्यातून धोंडे काढले आणि वर तूप सोडलं.

"आई, बास, मी गोड सोडलंय," जावई म्हणाले.

"जावईबापू, धोंड्याला नको म्हनलं की तीन वर्षं वाट बघावी लागती."

"त्यांना आग्रह करू नकोस," लेक म्हणाली.

"मी कुठं आग्रह करते? मी रीत सांगते."

जावई भले माणूस. रीत ऐकली की त्यांचा हात आपोआप पुढे येतो. खाऊन ते नंदीच्या सावलीत टेकले. लेकीला देवळाची मागची भिंत बघायची होती, तिनं पट्ट्याचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि मोबाइल घेऊन गेली. ती कोपऱ्यावरून वळते न वळते तोच विष्णू झोपले. त्यांचा दोष नाही. लक्ष्मी समुद्राची लेक, म्हणजे विष्णू कायम झोपलेला दिसतो तो सासुरवाडीतच.

नात माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे.

"आज्जी, आत काय आहे?"

"अंधार."

"अजून?"

आता याचं उत्तर बसून देता येत नाही. मी तिच्या मनगटाचा पट्टा हळूच सोडला. जावयांच्या हातातली दोरी सैल पडली तर ते जागे होतील, म्हणून मोकळं टोक नंदीच्या तुटक्या शिंगाच्या खुंटाला गुंडाळून ठेवलं. दोरीला छान ताण आला. नंदी शहाण्या लेकरासारखा बसून राहिला.

पाण्याकडे मी पोरीला नेलं नाही, हे आधीच सांगते. आम्ही देवळात गेलो. गाभाऱ्यात देवाच्या जागी चौकोनी खड्डा, त्यात उतरत्या पाण्याचं राहिलेलं तळं, आणि तळ्यात बोटाएवढे मासे. वरच्या फटीतून ऊन पडलं होतं, तेवढ्यात ते येत आणि जात होते. भोवती गाळ. मी आधी पाय टाकला, गुडघ्यापर्यंत गेला. नातीनं टाकला, तिचा मांडीपर्यंत गेला. दोघी तशाच रुतून मासे बघत राहिलो.

"यांना इथून जाता येत नाही?" नात म्हणाली.

"पाऊस झाला की पानी वर चढतं. मग दारातून चालले."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत देव म्हनून ऱ्हातात."

मागून लेकीचा आवाज आला. "आई."

ती दारात उभी होती. तिनं आधी जे पाहिलं ते तिच्याकडूनच मला नंतर कळलं: नवरा डोळे मिटून दोरी हळूहळू खेचतोय आणि नंदीला म्हणतोय, "बाळा, ओढू नको ना."

"कावून आणलंस तिला इथं?" रागात लेकीचं पुणं गळून पडतं. "एक दिस. एक दिस म्हनले व्हते तुला."

"पान्याकडं न्हाई नेलं."

"हे काय मग? दूध हाय?" ती आत आली. "न्हाई ऱ्हायाची ती तुझ्याकडं. विषय संपला."

नातीनं खालचा ओठ बाहेर काढला. मला वाटलं, संपलं. टोपी घातली ती फुकट गेली.

मग लेकीनं पोरीला उचलायला पाऊल टाकलं आणि तिचा पाय गेला. तो काढायला दुसरा टाकला, तोही गेला. पांढरे बूट होते, ते गाळानं आत ठेवून घेतले. ती माझा खांदा धरून उभी राहिली, आणि तिघी एका रांगेत रुतलो. हलायला येत नसल्यामुळे लेकीला मासे बघावे लागले. बराच वेळ बघितले तिनं.

"मला नव्हते दाखवलेस तू हे," ती म्हणाली.

"मी खांबाला बांधलेली व्हते."

ती हसली नाही. पण खांदाही सोडला नाही.

शेवटी जावयांनी येऊन आम्हाला एकेक करून उपटलं. बूट सापडले नाहीत. परतायला नावेत बसलो. नाववाला आमचे पाय बघून काही विचारायला गेला आणि लेकीचं तोंड बघून वल्हं मारायला लागला.

मध्यावर आल्यावर लेक नवऱ्याला म्हणाली, "हिच्याकडे पोरीला एकटी ठेवायची नाही. मी राहते पंधरा दिवस. ऑफिसचं काम इथून करते."

"आणि मी?" जावई म्हणाले.

"तुम्हाला धोंडे देते बांधून," मी म्हणाले.

"तू बोलू नकोस," लेक म्हणाली. "शेळीजवळ जायचं नाही. विहिरीकडे नाही. मला विचारल्याशिवाय तिला कुठे न्यायचं नाही."

लग्न झाल्यापासून ही माझ्याकडे दोन रात्रींच्या वर टिकलेली नाही. मी तोंड वाकडं केलं आणि पाण्याकडे बघत बसले. म्हणाले, "एवढी पाळत ठेवायची आसंल तर कशाला ऱ्हाती, जा की पुण्याला."

"नाही. राहणार," ती म्हणाली.

मी खूश दिसले असते तर तिनं नाव किनाऱ्याला लागायच्या आत बेत बदलला असता. माझीच लेक हाय ती.