येळवशीला गेले आणि माझ्याच प्लॉटला आंबील वाहिली

नवऱ्याच्या निवृत्तीनंतर परभणीजवळ घर बांधायचं आमचं ठरलं होतं. पेडगाव रस्त्यावरच्या एका ले-आउटमधला सतरा नंबरचा प्लॉट मोबाईलवरच्या नकाशात पसंत करून बुकही केला होता. पुढे रुंद रस्ता, मागे हिरवा पट्टा. तेवढ्यात मामीचा फोन आला, "येळवशीला ये माय, औंदा तरी." तिचं गाव त्याच रस्त्याला. म्हटलं, प्लॉटही बघून होईल, एका दगडात दोन पक्षी.

संभाजीनगरहून सकाळच्या रेल्वेने निघाले. आरक्षण कराच, नाहीतर परभणीपर्यंत दारात उभं राहावं लागतं. स्टेशनबाहेरून शेअर रिक्षा मिळते, भाडं दोन-तीन चहांच्या पैशात, पण भरल्याशिवाय ती जागची हलत नाही. ज्वारी बघायला म्हणून मी कडेची जागा धरली. दिसल्या ले-आउटच्या कमानीच कमानी. आत घर एकही नाही, काळ्याभोर रानावर मुरूम आणि पांढरे खांब. मी मात्र खुशीत होते, सांगायला लाज वाटते.

येळवस म्हणजे हिवाळ्यातली अमावास्या, अख्खं गाव शेतात जेवतं. कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडलेले, शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि मडक्यात आंबट-गार आंबील. जेवणाआधी मामी आंबिलीचा तांब्या घेऊन शेताभोवती शिंपडत निघाली. मी तिच्या मागे. शेत संपलं तरी बाई थांबेना. बांध ओलांडून शेजारच्या मुरमाच्या रस्त्यावर गेली आणि तिथेही शिंपडलं.

"मामी, हा तर रस्ता आहे!"

"रस्ता आता झालाय. वढा हाय हितं. वढ्याला दिल्याबिगर येळवस व्हतीय का?"

मी चक्रावले. याच ओढ्यात आम्ही भावंडं पाय सोडून बसायचो. तो गेला कुठे?

"बुजिवला प्लॉटवाल्यांनी. मशिनी आणल्या अन् चार दिसात सपाट. आता पावसाचं पाणी समदं आमच्या रानात. सोयाबीन कुजलं. अन् हीर बघ जा."

विहिरीत वाकले. या दिवसांत हाताला लागणारं पाणी तळाशी गेलं होतं. रान बुडालं आणि विहीर आटली, एकाच वर्षात! हे कसं, ते मला कळेचना.

"काळ्या मातीत पाणी साचतंय, मुरत न्हाई. मुरायचं ते वढ्याच्या वाळूत," मामी म्हणाली. उरलेली आंबील तिने रस्त्याकडेच्या एका खांबाच्या बुडाशी ओतली. खांबावर लाल रंगात आकडा होता, सतरा.

"ह्यो कुणीतरी घेतलाय म्हणं. पयल्याच मोठ्या पावसात वढा घरात शिरंल बिचाऱ्याच्या. त्याला कुणी सांगितलं नसंल."

मी मोबाईलवरचा नकाशा उघडून पाहिला, ले-आउट हाच होता. नकाशातला तो हिरवा पट्टा म्हणजे ओढ्याचीच उरलेली जागा होती.

"मामी, तो बिचारा म्हणजे मीच."

रागवली असती तर बरं झालं असतं. "जेव आदी," एवढंच म्हणाली आणि पानात भज्जी वाढली. अशी भज्जी शहरात मिळत नाही, पण मला चव म्हणून लागली नाही.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं आणि प्लॉट सोडला. तुम्ही कुठे जागा घेणार असाल, तर नकाशा नंतर बघा, आधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईबरोबर त्या जागेभोवती चालून या.

मी नको म्हटल्यावर एजंट हसत म्हणाला, "काही हरकत नाही ताई, तुमच्यामागे तिघं थांबलेत." मी फोन ठेवला. मी प्लॉट सोडून सुटले, मामीला शेत सोडून कुठे जाता येणार?