घर सोडण्याचं कारण

माझे वडील तुंबलेल्या ड्रेनेजच्या चेंबरच्या कडेला पालथे पडले होते. खांद्यापर्यंत हात आत. गाल फरशीला टेकलेला. घरमालक जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभे, नाकाला रुमाल लावून. तिथनं सांगत होते, "पावणं, जरा डाव्या अंगाला बघा. तुम्हास्नी काय सांगायचं म्हणा, सवयीचा हात हाय."

वरच्या गॅलऱ्यांत माणसं होती. नुसती बघत होती.

मी दारात उभी होते. हातात चहाचं पातेलं. आणि मी आप्पांना उठवलं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं मी लई शहाणी वाटायला नको.

मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. एकटी राहते. कोल्हापुरात घर शोधताना बऱ्याच दारांत आडनाव सांगितल्यावर 'कालच दिलं बघा' ऐकलं होतं. शाहूपुरीतल्या या मालकांनी विचारलं, "वडील काय करतात?" मी सरळ सांगितलं, "नगरपालिकेत सफाई कामगार होते. रिटायर झालेत." ते म्हणाले, "बरं बरं. आपल्याकडं तसलं काय न्हाई." अकरा महिन्यांचा करार, पहिले सहा महिने सोडायचं नाही ही अट. मी नीट न वाचताच सही केली. घर दिलं हेच मला उपकार वाटले. अगं, वेळेवर भाडं देणाऱ्या बाईवर कसले उपकार? पण आमच्या लोकांची ही खोड आहे. कुणी दार उघडलं की आम्ही आधी हात जोडतो, घर मागनं बघतो.

दुसऱ्या महिन्यात मागच्या बोळातलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं. माझा फ्लॅट तळमजल्यावर. वरच्यांनी पाणी सोडलं की ते माझ्या बाथरूमच्या जाळीतनं वर यायचं. कुणाच्या आंघोळीचा फेस, कुणाच्या घरची भाताची शितं. मग त्याहून वाईट. मालकांना फोन केला. "बघतो की." मेसेज केले. निळ्या टिका आल्या, माणूस आला नाही. मला रागानं बोलता येत नव्हतं, कारण घर दिलं होतं ना त्यांनी!

तीन आठवडे मी आंघोळीला दवाखान्यात लवकर जात होते. मैत्रीण घरी येते म्हणाली, तर तिला खोटं सांगितलं, पाहुणे आलेत. उदबत्ती लावायची आणि एकटीनं जेवायचं. सुटीच्या दिवशी तर सकाळपासून तोंडातनं शब्द निघायचा नाही. या शहरात नवीन आले तेव्हाही मी इतकी एकटी नव्हते.

त्यात एका रविवारी शिरोळकडनं आप्पा आले. पहिल्यांदाच लेकीचं घर बघायला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पिशवीत नदीकाठची वांगी. बाथरूममध्ये पाय धुवायला गेले आणि तसेच परत फिरले. मी चहा टाकला, तोवर ते वर जाऊन 'चेंबर मी मोकळं करू का' असं मालकांना विचारून आले होते. मालक म्हणाले होते, "बेस झालं की. घरचाच माणूस मिळाला."

तासाभरानं चेंबर मोकळं झालं. मालकांनी बायकोला हाक मारून आपला जुना शर्ट मागवला आणि कठड्यावरनं खाली टाकला. आप्पांनी तो दोन्ही हातांनी झेलला.

स्टँडवर सोडायला गेले तेव्हा मला रडू आवरेना. आप्पा म्हणाले, "त्यात काय बाय? काम हाय ते. मालक खूश झाला. आता तुला घरातनं काढत न्हाय." त्याच हातानं त्यांनी मला शिकवलं. मला लाज वाटली ती त्या हाताची नव्हे, दारात गप्प उभ्या राहिलेल्या माझी वाटली. हे सांगावं असा माणूस जवळ नव्हता. एस.टी. गेली आणि मी चालत परत आले.

पंधरा दिवसांत परत तुंबलं. मी लॅबमध्ये होते. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मालकांचा मेसेज आला: 'तळमजल्याच्या मॅडमच्या वडिलांना बोलावत आहोत. उद्या काम होऊन जाईल.' मला विचारलं नव्हतं. आप्पांनाही नाही. खाली अंगठे यायला लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचा. रोज माझ्याशी हसून बोलणाऱ्या शेजारच्या वहिनींचा. वहिनींचा अंगठा बघितला आणि माझं डोकं सणकलं. हातमोजे काढले, तिथंच उभ्या उभ्या लिहिलं: 'माझे वडील येणार नाहीत. मशीन मागवा. मी घर सोडते आहे.'

त्यावर कुणाचा अंगठा आला नाही.

संध्याकाळी वर गेले. मालक म्हणाले, "मॅडम, सहा महिने झाल्याबिगर सोडता येत न्हाई. पण जाऊ द्या. 'घरगुती कारणामुळं सोडते' एवढं लिहून द्या, डिपॉझिट पुरं देतो." कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

एक ओळ लिहायची होती. लिहिली असती तर सगळं गोडीत मिटलं असतं आणि त्यांच्या दृष्टीनं काहीच घडलं नसतं. मी लिहिलं: 'वारंवार सांगूनही ड्रेनेज दुरुस्त केलं नाही. ते माझ्या वडिलांकडून हातानं साफ करून घेतलं. परत त्यांनाच बोलावलं. म्हणून घर सोडत आहे.' खाली पूर्ण नाव, आडनावासकट.

त्यांनी वाचलं. "एवढं मनाला लावून घ्यायला काय झालं? मी काय जातीवरनं बोललो? तुमचे वडील आपणहून आले की."

"ते माझ्यासाठी आले. दुसऱ्या वेळेला तुम्ही बोलावलं. तुमच्या वडिलांना बोलवायचं होतं की."

"जीभ सांभाळ तुझी!"

मघाशी मॅडम होते. अर्ध्या मिनिटात तू झाले. मी तेच दुसऱ्या कागदावर उतरवलं आणि त्यावर त्यांची सही घेईपर्यंत जागची हलले नाही. डिपॉझिट त्यांनी ठेवून घेतलं. अट मी मोडली होती.

आप्पांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "उगंच घालवलंस घर." माझा बाप. त्यालाही कळलं नाही, आणि त्याच्यावर रागावताही येत नाही. मी म्हटलं, "आप्पा, माझ्या घरी आलं की बसायचं, जेवायचं. दुसऱ्या कशाला हात लावायचा न्हाई." ते "बरं" म्हणाले. पटलं असं वाटलं नाही.

सध्या दवाखान्याच्या मागं एका खोलीत आहे. एक कॉट, एक बॅग. रोज घरं बघते. करार पुढं आला की त्यात एक ओळ माझ्या हातानं घालते: 'दुरुस्तीसाठी माणसं आणि मशीन मालकानं आणायची. भाडेकरूच्या घरचं कुणी ते काम करणार नाही.' दोघांनी वाचून कागद परत केला. एक तर म्हणाला, "असं कोण लिहितं का?"

मी लिहिते. उद्या तिसऱ्या मालकाकडं जायचं आहे. तो नाही म्हणाला तर चौथ्याकडं जाईन. ओळ खोडणार नाही.